एचआयव्हीची तपासणी सुचवायला फॅमिली डॉक्टरांना आणि नर्सना शिकवायचे ते नेमके काय?

तालुक्याचा_डॉक्टर

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तेवीस वर्षे दवाखाना चालवतो. आमच्या तालुक्यातील डॉक्टरांच्या संघटनेने पुढच्या महिन्यात एका रविवारी जनरल प्रॅक्टिशनर आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या नर्स यांच्यासाठी तीन तासांचे प्रशिक्षण ठरवले आहे. एचआयव्हीची तपासणी आपण होऊन रुग्णाला कशी सुचवावी, हा त्याचा विषय असून आखणी माझ्या गळ्यात पडली आहे.

ती का पडली, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी अडतिशीतला एक ट्रॅक्टरमालक बरगड्यांवर नागीण घेऊन माझ्याकडे आला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मी ॲसायक्लोव्हिर लिहून दिले, नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो ही त्याच्या आईची समजूत काढण्यात पंधरा मिनिटे घालवली, आणि या वयात नागीण का झाली असावी, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला नाही. सात महिन्यांनी त्याच्या तोंडात पांढरा थर दिसला, तेव्हा मी बुरशीचे औषध दिले. त्यानंतर चार महिन्यांनी दम लागून तो जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखल झाला आणि तिथे पहिल्यांदा त्याची तपासणी झाली. त्या वेळी त्याची सीडी-४ संख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पेशींची मोजणी, ४१ होती, म्हणजे फारच कमी. तो वाचला, आता कामावर आहे, आणि अजूनही माझ्याकडेच येतो, याचेच मला अधिक ओशाळे वाटते.

नागीण आणि तोंडातली बुरशी या एचआयव्हीच्या खुणा असू शकतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माहिती होती, पण तोंड उघडले नाही. म्हणून विचारतो, की या तीन तासांत शिकवायचे काय? विषाणूची रचना आणि औषधांची नावे पुन्हा वाचून दाखवण्यात मला अर्थ वाटत नाही.

रोखठोक_नाना

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे, परंतु मी रुग्णाच्या बाजूने बोलतो. वय एकाहत्तर, सेवानिवृत्त, चाळीस वर्षे एकच डॉक्टर. उद्या त्यांनी खोकल्यासाठी गेलेल्या मला एचआयव्हीचे विचारले, तर मी दवाखाना बदलेन. लहान गावात अशा प्रश्नाचा अर्थ एकच घेतला जातो आणि तो बाहेर बाकावर बसलेल्या आठ जणांपर्यंत पोहोचायला भिंतसुद्धा आड येत नाही, कारण बहुतेक दवाखान्यांत भिंत नसतेच, पडदा असतो.

ओसरीवरचा

नाना, गेली चाळीस वर्षे तेच डॉक्टर तुम्हांला तंबाखू सोडा म्हणून सांगत आहेत. तुम्ही तंबाखूही सोडली नाहीत आणि दवाखानाही. तेव्हा त्यांनी निर्धास्तपणे विचारावे.

दशांशचिन्ह

खोकल्यासाठी आलेल्या नानांना विचारू नये, हे आकडेही सांगतात, म्हणून थोडे गणित मांडतो.

भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख आहे, म्हणजे प्रौढांमध्ये हजारी साधारण दोन. महाराष्ट्रात हा आकडा चार लाखांच्या आसपास असून देशात सर्वाधिक आहे. देशातील अंदाजे पाचातील एका बाधिताला आपल्याला लागण झाल्याचे अद्याप ठाऊक नाही. आता एखादी तपासणी निरोगी माणसांपैकी ९९.५ टक्क्यांना अचूक ‘नाही’ सांगते, असे समजू. सरसकट हजार माणसे तपासली, तर खरे बाधित दोन सापडतील आणि खोटे ‘हो’ सुमारे पाच जणांना मिळेल. म्हणजे सात घाबरलेल्या माणसांपैकी पाच जण विनाकारण घाबरलेले असतील. याउलट, तरुण वयातील नागीण, क्षयरोग, गुप्तरोग, महिनाभर न थांबणारे जुलाब, कारण न सापडणारी वजनातील घट अशा रुग्णांच्या गटात समजा शेकडा तीन बाधित असतील, तर त्याच हजारांत खरे तीस सापडतील आणि खोटे तेवढेच पाच राहतील.

यातून प्रशिक्षणासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे कोणाला सुचवायचे त्याची यादी. दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, म्हणजे दवाखान्यातील एका किटवर उमटलेल्या रेषेला निदान म्हणायचे नाही, ही शिस्त. तो निकाल ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे ‘पुढे तपासून खात्री करायला हवी’, एवढाच असतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात वेगवेगळ्या तीन किटांवर तपासूनच पॉझिटिव्ह म्हणतात, ते याच गणितामुळे.

थेम्सकाठची

मी मूळची मिरजेची, पूर्व लंडनमध्ये जनरल प्रॅक्टिसमध्ये नर्स आहे. नेमका हाच प्रश्न आमच्या भागात प्रयोग करून तपासला गेला होता, म्हणून लिहिते.

हॅकनी भागातील चाळीस प्रॅक्टिस, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, घेऊन २०१० ते २०१२ या काळात एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी करून निम्म्या ठिकाणी डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण दिले गेले आणि नव्याने नाव नोंदवणाऱ्या प्रौढांना बोटाच्या टोचणीने होणारी झटपट तपासणी देऊ करण्यात आली. उरलेल्या ठिकाणी नेहमीचेच काम चालू राहिले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत प्रशिक्षित प्रॅक्टिसमध्ये ३२ नवी निदाने झाली होती आणि इतर ठिकाणी १४. तपासणीचे काम मुख्यतः नर्स आणि आरोग्य-सहायक यांनी केले होते, हे मुद्दाम सांगते, कारण भारतात असे प्रशिक्षण झाले की पुढच्या रांगेत डॉक्टर बसतात आणि नर्स चहाचे बघतात.

पण दशांशचिन्ह यांचे म्हणणे येथेही लागू आहे. इंग्लंडमध्ये दवाखान्यात नाव नोंदवताना तपासणी देऊ करावी, ही शिफारस लागणीचे प्रमाण हजारी दोनच्या वर असलेल्या भागांसाठी होती आणि हॅकनीत ते त्याहून पुष्कळच जास्त होते. तेथील पद्धत सातारा जिल्ह्यात जशीच्या तशी उचलू नये.

उचलण्यासारखे आहे ते वाक्य. मी नवीन होते तेव्हा रुग्णाला विचारत असे, ‘तुम्हांला काही धोका वाटतो का?’ माणूस ‘नाही’ म्हणे आणि विषय संपे. मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ नर्सने मला समोर बसवले, स्वतः रुग्ण झाली आणि माझ्याकडून तेच वाक्य वीसदा म्हणवून घेऊन अखेर बदलून घेतले. आता मी म्हणते, ‘हा त्रास असलेल्या प्रत्येकाला आम्ही एचआयव्हीची तपासणी सुचवतो. तुमचीही करू या का?’ या वाक्यात रुग्णाच्या चारित्र्याचा उल्लेख नाही आणि ‘नको’ म्हणायला जागा आहे. पहिल्या आठवड्यात ते म्हणताना माझेच कान लाल होत असत.

गावकुसाबाहेर

थेम्सकाठची यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. ‘प्रत्येकाला सुचवतो’ हे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. ज्या पुरुषांचे पुरुषांशी संबंध आहेत, त्यांना लागणीचा धोका अधिक असतो आणि ते फॅमिली डॉक्टरकडे नागीण घेऊन नव्हे, साधा सर्दी-ताप घेऊन जातात. डॉक्टरांनी विचारलेच नाही, तर माझ्यासारखा माणूस सांगणार कसा? मी सतरा वर्षे एका डॉक्टरांकडे गेलो आणि त्या काळात त्यांनी मला फक्त ‘लग्न कधी करणार’ एवढेच विचारले. शेवटी मी दुसऱ्या शहरात जाऊन तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि ते सांगायलाही जवळचे कोणी नव्हते.

थेम्सकाठची

गावकुसाबाहेर, तुमचे बरोबर आहे, मी माझे म्हणणे सुधारते. वाक्ये दोन हवीत. आजाराची खूण दिसली, तर धोक्याची चौकशी न करता तपासणी सुचवायची. खूण नसेल, तर न बिचकता आणि न न्याय करता इतिहास विचारता यायला हवा. ‘तुमचे संबंध स्त्रियांशी आहेत, पुरुषांशी, की दोघांशी?’ हे रक्तदाब विचारावा त्याच आवाजात विचारायचे असते. हे दुसरे कौशल्य अवघड आहे आणि एका रविवारी येत नाही.

अशिलाची_बाजू

या चर्चेत कायद्याचा उल्लेख अजून आला नाही, याचे आश्चर्य वाटते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशन आवश्यक आहे. उपचारासाठी किंवा नोकरीसाठी ही तपासणी पूर्वअट म्हणून लादता येत नाही. संमतीला अपवाद आहेत, उदाहरणार्थ न्यायालयाचा आदेश किंवा रक्तपेढीतील रक्ताची तपासणी, पण ते मोजके आहेत.

प्रत्यक्षात काय चालते, ते सर्वांना ठाऊक आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी रक्त काढतात, प्रयोगशाळेच्या कागदावर खुणा करतात, आणि रुग्णाला आपली एचआयव्हीची तपासणी झाली हे बिल पाहिल्यावर कळते. कित्येक डॉक्टर यालाच ‘आम्ही तपासणीचे प्रमाण वाढवले’ असे म्हणतील. प्रशिक्षणात हा भेद स्पष्ट करावा, की सुचवणे निराळे आणि उरकणे निराळे.

निकालाची गुप्तता हा दुसरा मुद्दा. रुग्णाची स्थिती दुसऱ्या कोणाला सांगायची, तर त्याची लेखी संमती लागते. जोडीदाराला सांगण्याबाबत कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे, तिच्याही अटी आहेत, आणि तो अधिकार डॉक्टर किंवा समुपदेशक यांचा आहे. कंपाउंडरचा नाही, सासूबाईंना परस्पर बोलावून घेणाऱ्या मावशींचा तर नाहीच.

उपकेंद्रातली_सिस्टर

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सरकारी परिचारिका, आहे. गरोदर मातांची बोटाच्या टोचणीची एचआयव्ही तपासणी आम्ही उपकेंद्रात अनेक वर्षे करतो, तेव्हा नर्सना हे जमेल का, असा प्रश्न कृपया कोणी विचारू नये. हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही असे ओळीने सांगितले की बाई हात पुढे करते. अडते ते तिच्या नवऱ्यापाशी. तो ओट्याच्या खाली मोटारसायकलवर बसून असतो आणि ‘माझं काय काम?’ म्हणतो. त्याला आत कसे बोलवायचे, हे मला आजपर्यंत एकाही प्रशिक्षणात शिकवलेले नाही.

प्रशिक्षणे मी सहा-सात केली. एका ठिकाणी सकाळभर पडद्यावर विषाणूची चित्रे दाखवली, जेवणात गुलाबजाम होते, आणि दुपारी सह्या घेऊन सोडले. किट उघडून दाखवलेच नाही. गावात परतल्यावर माझ्या मैत्रिणीने नियंत्रण रेषा (किट नीट चालले, हे दाखवणारी रेषा) उमटली नाही तरी ‘निगेटिव्ह’ असे लिहिले. ती रेषा आली नाही, तर तपासणीच बाद असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. दोष कोणाचा धरायचा?

रविवारी प्रत्येकाच्या हाती किट द्या. बोट बाजूने टोचायचे, मधोमध नाही, कारण मधोमध दुखते. बोट पिळायचे नाही. घड्याळ लावायचे आणि किटच्या कागदावर जेवढी मिनिटे लिहिली आहेत तेवढ्याच वेळात वाचायचे. उशिरा वाचले, तर नसलेली रेषा दिसायला लागते.

आणखी एक भीती आहे, जिच्याबद्दल नर्सा आपसात बोलतात, डॉक्टरांसमोर नाही. ती म्हणजे सुई टोचण्याची. बाधित रक्ताची सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीन एवढी असते. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. ते औषध रविवारी रात्री अकरा वाजता कोठे मिळेल, याचा पत्ता दवाखान्याच्या भिंतीवर लावा, मग पहा किती जणी पुढे येतात.

एक_गोळी_रोज

मी या संस्थळावर सात वर्षे आहे, पाककृतींच्या धाग्यांवर अनेकांनी मला पाहिले असेल. हे मात्र नवे नाव घेऊन लिहिते आहे.

माझे निदान २०११ मध्ये गरोदरपणात, एका खासगी दवाखान्यात झाले. तपासणी करतो आहोत, हे मला सांगितले नव्हते. निकाल आधी सासूबाईंना सांगितला गेला आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळला. अशिलाची_बाजू यांनी ‘मावशी’ लिहिले, ते वाचून मी थांबले, कारण माझ्या बाबतीत ते खुद्द डॉक्टरांनी केले होते.

मला त्या दिवसातले आठवते ते एवढेच, की ज्या सिस्टरने सकाळी माझे रक्त उघड्या हातांनी काढले होते, तिने दुपारी माझा कागद वाचून मग हातमोजे घातले आणि मला एक फाइल दिली. फाइल. कागदाला हातमोजे लागत नाहीत, आणि रक्त काढताना मात्र ते सगळ्यांसाठीच लागतात. तिला दोन्ही उलटे ठाऊक होते.

मुलगी निगेटिव्ह आहे आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. मी रात्री जेवणानंतर एक गोळी घेते. रक्तात विषाणू सापडत नाही, आणि तो सापडत नसेल तर शारीरिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे मला माझ्या उपचारांच्या पाचव्या-सहाव्या वर्षी कळले. आधी कळले असते, तर घरातील काही वर्षे वेगळी गेली असती.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की तपासणी सुचवायला शिकवाल तेवढाच वेळ निकाल सांगितल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी ठेवा. ‘यावर औषध आहे, ते फुकट मिळते, आणि तुम्ही म्हातारे व्हाल’ ही तीन वाक्ये त्या दिवशी मला कोणीही सांगितली नाहीत.

रोखठोक_नाना

ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. मी दवाखाना बदलेन म्हणालो होतो, ते मागे घेतो. पडद्याचा आक्षेप मात्र कायम आहे. भिंत हवी.

खिडकी_क्रमांक_तीन

मी ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. येथे येणारी माणसे चिठ्ठी घेऊन येतात, आणि जी येत नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या कोठे जातात, ते मला चांगले माहीत आहे. त्या एसटी स्थानकाच्या कचराकुंडीत जातात.

खासगी दवाखान्यात एखादा रिॲक्टिव्ह निघाला, तर ‘सरकारी दवाखान्यात जा’ एवढे सांगून डॉक्टर मोकळे होतात. रुग्ण गावात फाटकापर्यंत येतो, ओळखीचे कोणी दिसले की परततो. याउलट, आमच्या तालुक्यात एक वयस्कर डॉक्टर आहेत, ते रुग्णासमोरच मला फोन लावतात आणि सांगतात, ‘माझा माणूस उद्या साडेदहाला येतोय, निळा सदरा असेल.’ त्यांचा पाठवलेला माणूस क्वचितच चुकतो. मी फाटकाशी जाऊन उभा राहतो, नाव विचारत नाही, सोबत आत चालत येतो. म्हणून प्रशिक्षणाला आपल्या केंद्रातील समुपदेशकाला बोलवा आणि प्रत्येक डॉक्टर-नर्सच्या मोबाइलमध्ये त्याचा क्रमांक तिथल्या तिथे साठवून घ्या. रात्री-अपरात्री रुग्णाला काही विचारायचे असेल, तर १०९७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तीही सांगा.

जुन्या डॉक्टरांच्या डोक्यात अजून ‘सीडी-४ कमी झाल्यावर औषध’ हेच बसलेले असते. २०१७ पासून संख्या कितीही असली, तरी निदान झाले की उपचार सुरू होतात. हे ठाऊक नसलेला डॉक्टर मनात म्हणतो, की लवकर शोधून करायचे काय, आणि तपासणी सुचवायचे टाळतो.

ओसरीवरचा

निळ्या सदऱ्याची युक्ती उत्तम आहे, पण गणेशोत्सवात गावातील अर्धे मंडळ निळ्या सदऱ्यात असेल, त्या दिवसांत खूण बदलावी.

तालुक्याचा_डॉक्टर

सर्वांचे आभार. बारा दिवसांनी परत येत आहे, कारण तोंडाने सल्ला देण्यापूर्वी स्वतः करून पाहावे असे वाटले.

थेम्सकाठची यांचे वाक्य मी आधी कंपाउंडरवर आणि मग बायकोवर म्हणून पाहिले. बायको म्हणाली, ‘तुम्ही हे म्हणताना खिडकीकडे का बघता?’ त्यानंतर रुग्णांशी बोलायला सुरुवात केली. दशांशचिन्ह यांच्या यादीत बसणारे नऊ जण या दिवसांत आले. सात जणांनी लगेच होकार दिला, एकीने घरी विचारून येते म्हटले, एकाने नको म्हटले आणि मी पुढे काही न बोलता त्याचे खरजेचे औषध लिहून दिले. तो चौथ्या दिवशी परत आला, खरूज दाखवली, आणि उठता उठता म्हणाला, ‘ते परवाचं करून टाकायचं का?’ तेवीस वर्षे मला वाटत होते की लोक चिडतील. चिडले कोणीच नाही. उलट क्षयाच्या औषधांवर नुकत्याच चढलेल्या एका आजींनी विचारले, ‘साखर बघतोस, तसलंच का रे हे? मग घे की.’

नानांच्या पडद्याचे काय करायचे, हे सुचत नव्हते. सध्या अशा रुग्णाला मी रक्तदाब घ्यायच्या निमित्ताने आतल्या खोलीत नेतो, दार लावतो. फी तीच ठेवली आहे, वेळ मात्र प्रत्येकी सात-आठ मिनिटे जास्त जातो, आणि सोमवारच्या बाजाराच्या दिवशी ते जमत नाही, हे कबूल करतो.

आखणी अशी केली आहे. पहिला तास सराव, जोड्या लावून, एक डॉक्टर आणि एक नर्स, दोघांनीही आळीपाळीने रुग्ण व्हायचे. दुसरा तास किट. तिसऱ्या तासात कायदा थोडक्यात, आणि उरलेला सगळा वेळ निकालानंतरच्या पाच मिनिटांसाठी. विषाणूचे चित्र नाही. गावकुसाबाहेर यांनी सांगितलेल्या इतिहास विचारण्याच्या कौशल्यासाठी वेगळा रविवार मागितला आहे, संघटनेने अजून उत्तर दिलेले नाही.

एक_गोळी_रोज, तो तिसरा तास तुम्ही घ्याल का? नको म्हणालात, तरी या धाग्यावर पुन्हा विचारणार नाही.

एक_गोळी_रोज

येईन. बॅनरवर नाव नको, पुष्पगुच्छ नको, छायाचित्रे नकोत आणि मोबाइल सर्वांनी बाहेर ठेवावेत. चहा चालेल, पण कागदी पेला फक्त मला देऊ नका.

तालुक्याचा_डॉक्टर

आमच्या सभागृहात कागदी पेले नसतातच. कान तुटलेले कप आहेत, ते सर्वांनाच मिळतात.

उपकेंद्रातली_सिस्टर

डॉक्टर, सरावासाठी मुदत संपलेली किटे देता येतील का, ते वरिष्ठांना विचारून मी सांगते. पेटीवर लाल शाईने ‘फक्त सरावासाठी’ असे लिहून आणीन आणि संध्याकाळी मोजून परत नेईन. सुया टाकायचा डबा, हातमोजे आणि वाचायला चांगला उजेड ही तुमची जबाबदारी. सभागृहातल्या ट्यूब लुकलुकतात, हे मागच्या वेळी मी पाहिले आहे.